कुमैत घोडीची कोरी पाटी

घोड्यांच्या व्यापारात जीभ सैल असावी लागते म्हणतात. तबेल्याच्या मालकीणबाईंनी आपली जीभ खडूच्या हवाली केली होती. तबेल्यात प्रत्येक घोड्याच्या डोक्यावर एक पाटी टांगलेली, आणि तीवर त्या घोड्याच्या खोडी. ‘अरबी. दिसायला राजा. छत्री उघडली की पळतो.’ ‘शर्यतीतून निवृत्त. सरळ धावतो, वळायचं कुणी शिकवलेलं नाही.’ ‘डोंगरी तट्टू. गुणी. हातात गाजर असेल तर हात सांभाळा.’ गिऱ्हाइकानं आधी पाटी वाचायची, मग किंमत विचारायची. बावीस वर्षांत विकलेला एकही घोडा परत आला नव्हता, आणि बाईंना याचा बराच तोरा होता.

त्या सकाळी मात्र काळसर तांबड्या कुमैत घोडीची पाटी कोरी होती. बाईंनीच ती ओल्या फडक्यानं पुसली होती.

कारण त्यांची सोळा वर्षांची लेक. घरीदारी तिला सगळे भिंगरी म्हणत. आठवड्यापूर्वी बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर भिंगरी खोगिराशिवाय कुमैतवर, आणि कुमैत शेतामागच्या चरावरून हवेत! बाई तशाच बाहेर धावल्या. रागावून झालं, हातापाया पडून झालं. चौथ्या दिवशी पोरगी पुन्हा हवेत. तेव्हा बाईंनी ठरवलं, घोडीच नको.

अडचण एकच. कुमैत भिंगरीशिवाय कुणालाही पाठीवर टिकू देत नसे. हे पाटीवर लिहिलं तर ती घेणार कोण?

गिऱ्हाईक आलं ते दातांचे डॉक्टर, साठी उलटलेले, नवेकोरे बूट घातलेले. त्यांनी पाटीकडे पाहिलंच नाही. थेट घोडीचा जबडा उघडला.

“वा! कीड नाही, काही नाही. माझ्या पेशंटांना दाखवायला हवेत.”

“सात वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या.

“खोड काय?”

बाई खोगिराचा पट्टा आवळण्यात एकदम गढून गेल्या. तेवढ्यात गवताच्या गंजीमागून भिंगरी उगवली.

“मी सांगते, डॉक्टरकाका. ही घोरते.”

“काहीतरीच! घोरत नाही हो.”

“लाथा मारते.”

“आजवर एक नाही मारली.”

“हिला संध्याकाळी दिसत नाही.”

“तुझ्यापेक्षा बरं दिसतं. त्या चराची रुंदी तरी कळते तिला!” बाई कडाडल्या.

भिंगरीचा आवाज खाली आला. “मग तूच सांग, आई. नियम तुझाच आहे ना?”

बाईंनी पट्टा आणखी एक भोक आवळला. डॉक्टरांनी रिकिबीत पाय अडकवला, आणि नेमका त्यांचा फोन वाजला. एक पाय रिकिबीत, एक जमिनीवर, अशा अवस्थेत ते बोलू लागले.

“हो गं आई… घातलंय हेल्मेट… नाही, उंच नाही फार… अगं, मी काय लहान आहे का?”

फोन ठेवून ते ओशाळले. “पंच्याऐंशीची आहे. सकाळपासून हा पाचवा फोन. बसू का आता?”

बाईंच्या डोळ्यांपुढे ती न पाहिलेली म्हातारी उभी राहिली, फोन मांडीवर घेऊन बसलेली.

“थांबा! पाय काढा आधी,” त्या ओरडल्या. “ही तुम्हाला पाडेल. मलाही दोनदा पाडलंय. लेकीशिवाय कुणालाच पाठीवर ठेवत नाही. लिहायला हवं होतं मी. चुकलं माझं.”

डॉक्टरांनी पाय काढला. रागावतील असं वाटलं, पण ते शांतपणे पुढच्या पाट्या वाचत गेले आणि तट्टूपाशी थांबले.

“हे द्या. पडलो तरी जवळच पडेन. आईलाही सांगता येईल तसं.” मग त्यांनी खिशातून गाजर काढलं आणि पुढच्याच क्षणी हात झटकत “आई गं!” म्हणाले.

“पाटीवर आहे ते,” बाई म्हणाल्या. तोरा थोडासा परत आला होता.

तट्टू गेल्यावर बाईंनी खिशातून खडू काढला आणि कुमैतच्या पाटीवर लिहिलं: ‘विकायची नाही.’ मागून भिंगरीनं गळ्यात उडी घेतली.

“लाडात येऊ नकोस. खोगीर घालायचं. हेल्मेट घालायचं. आणि उडी मारायची तर मी कुंपणाशी असतानाच.”

“तू बघणार?”

“बघणार कशाला? ऐकेन.”

थोड्या वेळानं कुंपणाचा बांबू दोन्ही हातांनी धरून, डोळे गच्च मिटून बाई उभ्या होत्या. टापा जवळ आल्या. टापा थांबल्या. हवेत काहीच आवाज नव्हता, आणि तो काहीच-नाही फार लांबला.

बाईंनी एक डोळा उघडला. दुसराही उघडला.

“पाठ ताठ ठेव, कार्टे!” त्या ओरडल्या. “आणि टाच खाली!”