सूनबाईच्या रक्तातली ओळख

भोंगेवाल्यांचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बँडवाल्यांच्या वाद्यांचे पोचे काढायचे आणि वाद्य स्वतः फुंकून पाहिल्याशिवाय परत द्यायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता. "साऱ्या गावाचं उष्टं तोंडात घालता," अशी बायकोची कटकट असे. ते वाद्याचे तोंड साबणाने धुऊन घेत आणि बायकोचे बोलणे या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत.

एका दुपारी बँडमास्तर ट्रम्पेट घेऊन आला. मानेवर पुरळ, आवाज बसलेला. "ढेकूण चावलेत," म्हणाला आणि खोकत खोकत गप्पा हाणत बसला. सूनबाईचे दिवस भरत आले होते. तीही तिथेच बाळाची झबली शिवत होती.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "अहो, ढेकूण कसले, कांजिण्या निघाल्या."

सूनबाईपासून लांब राहायला भोंगेवाल्यांनी अंथरूण दुकानात आणून टाकले.

"तुम्हाला लहानपणीच झाल्यात ना? तोंडावर खड्डे आहेत की," बायको म्हणाली.

"मी तो ट्रम्पेट फुंकलाय."

"मग राहा तिथेच. निदान घोरणं तरी ऐकू येणार नाही."

सूनबाईला घेऊन ते डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी मात्र ट्रम्पेटची गोष्ट बाजूलाच ठेवली. "तुमच्यापासून हिला भीती नाही. हा आजार श्वासातून, खोकल्यातून हवेत पसरतो. ही त्याच्यासमोर बंद खोलीत बसली, तिथे धोका. सूनबाई, तुम्हाला पूर्वी झाल्यात?"

तिला ठाऊक नव्हते. तिला वाढवणाऱ्या मावशीला फोन लावला. "घरात पोरांचा नुसता बाजार होता गं. कोणाला काय झालं, कोण ध्यानात ठेवणार?"

"मग रक्तालाच विचारू," बाई म्हणाल्या. "तुमचे बँडवाले नवी चाल पहिल्यांदा वाजवतात तेव्हा चाचपडतात ना? शरीराचंही तसंच. नवा जंतू आला की त्याच्याशी लढायचं कसं, हे शिकण्यातच वेळ जातो. तोवर माणूस आजारी. पण एकदा शिकलं की विसरत नाही. पुन्हा तो जंतू आला की लगेच उभं राहतं. रक्तात ती ओळख नसेल, तर ती बाहेरून द्यायचं इंजेक्शन आहे. वेळेत आलात."

रक्ताचा अहवाल येईपर्यंत भोंगेवाल्यांनी एकाही वाद्याला हात लावला नाही. दारात बसून राहिले. येणाऱ्या गिऱ्हाइकाची मान आधी बघत, मग वाद्य.

शेवटी फोन आला. सूनबाईने ऐकला आणि बाहेर येऊन म्हणाली, "बाबा, ओळख आहे म्हणे. भरपूर. लहानपणी होऊन गेल्या असणार. बाळालाही त्यातला वाटा मिळेल."

भोंगेवाल्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसले, तेच पुन्हा पुसले.

"घरात या आता," ती म्हणाली. "आई रात्रभर जाग्या असतात. घोरणं नाही, तर त्यांना झोपच लागत नाही."

आतून भांडे जोरात आपटल्याचा आवाज आला. भोंगेवाल्यांनी अंथरूण गुंडाळले आणि हसू दाबत ते आत गेले.