मशीनवर बसण्याआधी

वरवंडला हायवेलगत आमच्या घरासमोर एक बाई शिवणकाम करायची. मशीनवर बसली की आधी डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची. मग संध्याकाळपर्यंत तिची मान वर होत नसे. मी तेव्हा बँकेच्या परीक्षेला बसलो होतो आणि माझं लक्ष पुस्तकात ठरत नव्हतं. एकदा मी विचारलं, "मावशी, कुठला मंत्र म्हणता?"

"मंत्र कसला? पोरगा घर सोडून गेलाय. त्यो आज बी येणार न्हाई, आसं मनाला सांगते. मंग रस्त्याकडं ध्यान जात न्हाई."

तिनं पुन्हा मशीन सुरू केलं. याला धीर म्हणावं की आणखी काही, मला कळेना. त्यानंतर अभ्यासाला बसलो आणि बाहेर एसटी थांबली की मीच उठून कोण उतरलं ते बघायचो.