लिंबायतची खाट

जवळ ये गं शालू. तू नाशकात, मी दोंडाईच्याला, तरी जवळ ये. तुझी ही काकू लेकीकडे सुरतेला जाऊन आली आणि तू फोनवर नुसती हं हं करतेस, हे काही बरं नाही. म्हणून लिहूनच काढलं.

नवापूरला गाडीचा डबा भरला. एक बाई कडेवर लेकरू घेऊन म्हणाली, “बा, जरा ॲडजस्ट करो ने.” (बा म्हणजे आई.) मी सरकले. ती बसली, मग तिची पिशवी बसली, मग नवरा. व्यारा येईतो मी खिडकीला चिकटलेली. शब्द इंग्रजी म्हणे, पण त्या डब्यात इंग्रजी कुणाला येत होतं? अर्थ मात्र सगळ्यांना पाठ. आपलं थोडं कमी करायचं आणि दुसऱ्याचं भागवायचं.

उधन्याला नात कोमल घ्यायला आली होती. लिंबायतच्या गल्लीत शिरलं की भिंतींतून यंत्रमागांची खटखट ऐकू येते. माझ्या मंगलची एकच खोली, खाटही एकच. जावई रात्रपाळीला मागावर, त्यांचा भाऊ दिवसपाळीला. एक उठला की दुसरा पडतो, खाट कधी थंड होत नाही.

सकाळी गरम लोचो (वाफवलेली हरभऱ्याची डाळ, वर तेल नि शेव) खाल्ला आणि रिकामी दिसली म्हणून त्या खाटेवर मी आडवी झाले. जाग आली तर जावई उंबऱ्यात बसून पेंगताहेत, केसांत सुताचे तंतू.

“उठवायचं तरी, जावईबापू.”

“राहू द्या मामी, ॲडजस्ट करतो.” (आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतो.)

मी उठले, ते पडले. मंगलने दिवा घालवला, दार ओढलं, आणि कोमल पुस्तक घेऊन जिन्यात जाऊन बसली. बारावीची परीक्षा तोंडावर आलेली. येणारा-जाणारा म्हणतो, बेटा, ॲडजस्ट कर, की ती पाय आखडते.

“मागल्या वेळी दोन विषय राहिले तिचे,” मंगल हळूच म्हणाली. “आता राहिले तर शिक्षण पुरे. माझ्याबरोबर साड्यांना लेस लावेल.”

जिन्यात ऐकू जात होतं. कोमलने पान उलटलं नाही.

संध्याकाळी चहाला मी विषय काढला. “पोरीला घेऊन जाते. माझी पुढची खोली रिकामीच आहे. परीक्षेला आणून सोडते.”

“तुला कशाला त्रास, आई? ती इथंच ॲडजस्ट करेल.”

“तिनं किती करायचं? आखडून आखडून बुटकी राहील.”

जावई हसले, मग बशीत बघत राहिले. रोज कामावर निघताना डबा कोमलच्याच हातून घेतात ते.

“न्या मामी. मलाच ॲडजस्ट व्हायला वेळ लागेल.”

दिवसभर ऐकलेला तोच शब्द, पण असा कुणी म्हणाला नव्हता. मंगल कपबशा घेऊन उठली.

परतीच्या गाडीत कुणीतरी जागा मागितली. कोमल सवयीनं सरकायला लागली. मी तिचा हात धरून ठेवला नि स्वतः सरकले.

आता पुढच्या खोलीत जमिनीभर तिची पुस्तकं आहेत. आधी पाय पोटाशी घेऊन वाचायची, काल बघितलं तर चांगले लांब पसरलेले. पाळीला निघायच्या आधी बापाचा फोन येतो, आणि ही विचारते, डबा घेतला का. सगळ्यांनी थोडं थोडं सरकलं तर एकालाच जिन्यात बसावं लागत नाही, एवढं मला सुरतेत कळलं.

परीक्षेआधी येऊन जा शालू, तिचं गणित बघ. लवकर ये. तुला सरकायला लावणार नाही.