जुळ्यांचा बाक

आमचे गुरुमूर्ती भाऊजी संशयी. त्यांचा दूधवाल्यावर विश्वास नाही, विजेच्या मीटरवर नाही आणि पोटच्या मुलीच्या मार्कांवर तर मुळीच नाही. विनुता माझी भाची. ती आणि कार्तिकेय जुळी. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी दोघं तंजावुरातच राममूर्ती सरांच्या शिकवणीला जायची, एकाच बाकावर बसायची. ते साल त्र्याण्णव. ज्याला त्याला घरात कॉम्प्युटर इंजिनिअर हवा होता.

एका चाचणीत दोघांची उत्तरं तंतोतंत सारखी आली, चुकांसकट. सरांनी उभं केलं ते विनुताला. तिचे ओठ हलताना त्यांनी पाहिले होते. भावाला विचारत होती, दुसरं काय!

घरी भाऊजी कडाडले, "गणित मुलींच्या डोक्यांत शिरतच नाही. पुन्हां नक्कल केलीस तर शिकवणी बंद. टायपिंगला जा."

संशय मलाही आला, पण वेगळाच. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरात राहिलेले मराठी; आमच्याकडे पाढे मराठीत पाठ होतात, त्यामुळे गणित करताना विनुता मराठीत पुटपुटते. त्या तमिळ वर्गात ती भाषा कळणारा दुसरा एकच जण होता, आणि तो गरीब गाईसारखा गप्प बसला होता.

मी तडक सरांकडे गेले. म्हटलं, दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. सरांनी आधी माझ्याकडेच संशयानं पाहिलं, मग बसवलं. विनुताचं एकच गणित चुकलं. कार्तिकेयचा कागद जवळजवळ कोरा होता.

वाटलं, आता तरी भाऊजी पोरीच्या पाठीवर हात ठेवतील. कसलं काय! रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "दोघांचें रक्त एकच. त्यालाही येईल, थोडा वेळ लागेल." मग आवाज खाली आणला. "दोघांचे अर्ज एकत्र देतों. म्हणजे परीक्षेंत बसायचे नंबर शेजारींशेजारीं येतील. तूं जरा मोठ्यानें पुटपुट, विनुता."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कार्तिकेय मान खाली घालून रसमभात कालवत राहिला.

विनुता उठली. हात धुतले, पुसले, आणि फळीवरच्या दोन अर्जांतला आपला तेवढा काढून घेतला.

"ह्याचा आधीं जाऊं दे, अप्पा," ती म्हणाली. "माझा मी देतें, चार दिवसांनीं."