शेवंताताईची रजा

ताईच्या हॉटेलातल्या बाळारामचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "दादा, ताई ड्युटीवर येताना रिक्षातच गेली," एवढंच तो म्हणाला. मी उरलेली दाढी पुरी केली, तोंड धुतलं आणि मग निघालो. असं का केलं, मला सांगता येत नाही. आता काही आठवडे उलटलेत, पण रडू म्हणतात ते अजून आलेलं नाही...

शेवंताताई माझी थोरली बहीण. मानकोली नाक्यावरच्या एका हॉटेलात ट्रकवाल्यांसाठी आणि गोदामातल्या हमालांसाठी चपात्या लाटायची. आमचे वडील निजामपुऱ्यात कापडाचे लूम चालवायचे. नवे लूम आले, एकच माणूस पुष्कळ लूम बघू लागला आणि वडील घरी बसले. ते बसलेले वडील ताईने रोज पाहिले होते. म्हणून हॉटेलात लागली तेव्हा ऐटीत म्हणाली होती, "कापड मशीन इनील, पन चपाती कोन लाटील?"

मग चपातीचंही मशीन आलं. एका बाजूने कणीक घालायची, दुसऱ्या बाजूने भाजलेली गोल चपाती बाहेर. लाटणाऱ्या बाकीच्या बायकांना शेठने 'बघू पुढे' म्हणून घरी पाठवलं. ताईला मशीनवर लक्ष ठेवायला ठेवलं.

"म्हणजे दिवसभर करतेस काय?" मी विचारलं.

"बघत ऱ्हाते. बिघडलं तं हाक मारायची."

ते काही बिघडत नव्हतं, आणि ताईने रजा घेणं सोडलं. ताप अंगावर काढला. पुतण्याच्या हळदीला शिफ्ट संपवून आली, तोवर हळद वाळलीसुद्धा होती. छातीत भरून यायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात दाखवायला सांगितलं. मी चिडलो, आरडाओरडा केला. तिने शांतपणे माझ्यापुढे चहा ठेवला. "एक दिस मी न्हाय गेले आन मशीन चाललं, तं शेठला कळंल ना, माझ्याबिगर चालतं म्हून..."

तिची एक गंमत मात्र होती. मशीन तापेपर्यंत पहिल्या काही चपात्या जाड, कच्च्या निघत. गिऱ्हाइकाला त्या देता येत नसत. ताई त्या डब्यात भरून घरी आणायची आणि परत भाजून आम्हाला वाढायची. वाढताना चपातीची कड बोटाने दाबून बघायची. "बघ, मशीनला अजून येत न्हाय," म्हणायची. इतकी खूश मी तिला दुसऱ्या कशानेच पाहिली नाही.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. तिच्या मुलाने, संतोषने, हात जोडले. घराचं छप्पर घालतो म्हणाला, धाकटीचं लग्न करतो म्हणाला. कावळे समोरच्या झाडावर नुसते बसून. ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. मग हॉटेलात भट्टीवर काम करणारा बाळाराम पुढे झाला आणि पिंडाशी उकिडवा बसून म्हणाला, "ताई, तू नव्हतीस ना, त्या दिशी मशीन चाललं न्हाय. शेठनी लई हाका मारल्या तुला."

कावळा खाली उतरला.

कावळ्यांना भूक लागली असणार, मी या गोष्टी मानत नाही. तरी परतताना बाळारामला विचारलंच, "खरंच बंद होतं?"

तो चपला घालत होता. "न्हाय दादा. सकाळपास्नं चालू होतं," तो म्हणाला. "कनीक मीच घातली."

त्यानंतर तो राहनाळला घरी जाताना वाट वाकडी करून त्या कच्च्या चपात्या मला आणून द्यायचा, ताईच्याच डब्यात. फेकवत न्हाय म्हणायचा. मी त्या भाजून खायचो, चव अशी कळत नव्हती. गेल्या आठवड्यात त्याने डबा रिकामाच आणला, घासलेला. उंबऱ्यावर उभा राहून म्हणाला, "मशीनच्या कंपनीचा मानूस येऊन गेला, दादा. आता पहिल्या चपातीपास्नं नीट येतात."

मी डबा घेतला आणि फळीवर ठेवून दिला.