लाल बटण आणि मामांचा गुडघा

आमच्या टीव्हीने माझ्या सासऱ्यांना एकदा घराबाहेर काढलं होतं. तेही तोंडी नाही, लेखी. पडद्यावर तशी सूचनाच आली होती.

त्या वर्षी जव्हारमध्ये घरोघरी छपरावर डिश चढत होती. आमच्याकडे तिला डिश कुणी म्हणत नाही, छत्री म्हणतात. (हा शब्द लक्षात असू द्या. पुढे तो माझ्यावरच उलटणार आहे.) मी शाळेत मास्तर, त्यातून भूगोल शिकवणारा, तेव्हा छत्री घेताना चार गोष्टी पारखून घेणं मला भागच होतं. सिनेमे, मालिका, क्रिकेट सगळ्याच छत्र्यांमध्ये होतं. माझं लक्ष होतं रिमोटवरच्या लाल बटणावर. ते दाबलं की टीव्हीवर चित्रांऐवजी मजकुराची पानं यायची. बातम्या, बाजारभाव, राशिभविष्य, हवामान, शिवाय पाककृती. घरबसल्या ज्ञान! आणि हे सगळं चक्क मराठीत.

माझे साडू काशिनाथ मोखाड्याला कचेरीत कारकून. त्यांनीही त्याच महिन्यात छत्री बसवली, पण दुसऱ्या कंपनीची. आम्ही दोघं जामसरच्या एकाच घरचे जावई, मी थोरला, ते धाकटे. सासुरवाडीत मान कुणाला जास्त, हा प्रश्न आमच्यात कधीच उघड निघाला नव्हता, कारण तो कायम उघडच असायचा.

"भाऊ, तुमच्या छत्रीपेक्षा आमच्यात पान लवकर उघडतं," काशिनाथराव एकदा फोनवर म्हणाले.

"लवकर उघडून उपयोग काय, काशिनाथराव? पानावर काही असायला हवं."

"मग लावू परीक्षा."

"लावू."

परीक्षा घेणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. मी रीतसर तक्ता आखला. किती बटणं दाबावी लागतात, अक्षर लांबून वाचता येतं का, चुकलं तर परत कसं यायचं, गाव सापडतं का, अशा प्रत्येक गोष्टीला गुण. लाल, हिरवं, पिवळं आणि निळं अशी चार रंगीत बटणं होती, त्यांनाही वेगवेगळे गुण ठेवले. निळ्या बटणावर 'अधिक' असं लिहिलेलं होतं. आहे तेच पुरेसं असताना अधिक कशाला, म्हणून ते न दाबताच मी त्याला शून्य दिलं.

परीक्षार्थी म्हणून आम्ही सासऱ्यांना, म्हणजे मामांना, निवडलं. मामांचं शिक्षण चौथीपर्यंत. मराठी अक्षर लावून लावून वाचायचे, इंग्रजीशी ओळख नव्हती. शिवाय त्यांना हवामानाची खरीच गरज होती. त्यांचं गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं, भात पिकून उभं होतं. परतीच्या पावसाने जावं की राहावं हे अजून ठरवलं नव्हतं. भात कापून शेतात सुकत पडलं आणि वर पाऊस आला, तर दाण्याला मोड येतात आणि वर्षाचा तांदूळ हातचा जातो. उशीर केला तर दाणा गळून मातीत जातो. त्या भातावर जामसरचं घर वर्षभर जेवायचं आणि आम्हा दोन्ही जावयांकडे एकेक पोतं यायचं ते वेगळं.

"दोगा जावयांच्या टीवीत बघतों, मंग ठरवतों," मामा म्हणाले आणि रविवारी सकाळी जीपने जव्हारला आले. उतरतानाच गुडघा चोळत होते.

"मलम देऊ का, मामा?" मी विचारलं.

"नको. त्याचा त्याला बोलूं द्या."

मी त्यांना टीव्हीसमोर चटईवर बसवलं, हातात रिमोट दिला, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि 'सुरू' म्हटलं. काशिनाथराव निरीक्षक म्हणून खुर्चीत बसले होते. माझी बायको सुमन चहा घेऊन दारात उभी राहिली. मामांनी लाल बटण दाबलं. यादी आली. त्यांनी दाबायचं 'हवामान', दाबलं 'पाककृती'. शेवयांच्या खिरीचं साहित्य पडद्यावर आलं. मामांनी ते मनापासून वाचून काढलं. खाली लिहिलं होतं, 'मागे जा'.

"मा-गे जा," मामांनी वाचलं आणि बसल्या बसल्या चटईसकट भिंतीपर्यंत सरकले.

"तुम्ही नाही मामा, पान मागे जाणार. बटण दाबा."

त्यांनी दाबलं. कुठलं दाबलं देव जाणे. आता पडद्यावर मध्यभागी, ठळक अक्षरात, चौकटीत आलं: 'बाहेर पडा'.

मामांनी ते एकदा मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं. मग रिमोट हळूच खाली ठेवला, टोपी सारखी केली आणि उठून अंगणात जाऊन चपला घालू लागले.

"बाबा, कुठं निघालात?" सुमन घाबरली.

"तुज्या घरात तसा लिवलाय, बाय. लेकीच्या घरी सासऱ्यानं हट करूं नये."

सुमनने माझ्याकडे जे पाहिलं त्याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता. काशिनाथराव खुर्चीत बसून घड्याळ बघत होते आणि वेळ मोजत होते, कारण नियमाप्रमाणे परीक्षा अजून चालूच होती. मी हातापाया पडून मामांना आत आणलं. (त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ते मी उन्हाने असेल असं समजलो.)

मग मीच पान उघडून दाखवलं. हवामानाच्या पानावर गावांची लांबलचक यादी होती. बोटभर अक्षरांतून मी खाली खाली गेलो आणि माझी छाती फुगली. जळगाव, जालना आणि त्यांच्या खाली 'जावरा'.

"बघा! जव्हार! कंपनीच्या यादीत जव्हार आहे."

"त्यात जावरा लिहिलंय," काशिनाथराव म्हणाले.

मी हसलो. जव्हारच्या माणसाला असल्या गोष्टी नव्या नाहीत. आमच्या गावाचं नाव आजवर कुणी धड लिहिलंय? एका एसटीच्या पाटीवर मी 'जवाहर' वाचलं आहे. शाळेला आलेल्या एका पत्रात 'जव्हर' होतं, दुसऱ्यात 'जवार'. एका निमंत्रणपत्रिकेत तर 'जोहार' छापलं होतं आणि आम्ही तसेच त्या लग्नाला जाऊन जेवून आलो होतो. या सगळ्यांपेक्षा 'जावरा' बरंच जवळचं होतं. उलट कंपनीने आपली आठवण ठेवली म्हणून मला भरून आलं. 'गाव सापडतं का' या रकान्यात मी पैकीच्या पैकी गुण दिले. जावरा येथे पुढचे चार दिवस आकाश निरभ्र होतं.

दुपारी तिघं जीपने मोखाड्याला. काशिनाथरावांच्या टीव्हीवर सगळं इंग्रजीत, पण मोठमोठी चित्रं. मामांनी लाल बटण दाबलं, ढगाच्या चित्रावर आले आणि तिसऱ्या बटणाला हवामानाचं पान उघडलं. कुठे मागे जा नाही, कुठे बाहेर पडा नाही. काशिनाथरावांनी माझ्याकडे न बघता चहा मागवला.

पण त्यांच्या यादीत गावं मोजून पाच. आपल्या जवळचं म्हणून नाशिक. त्यासमोर ढग, आणि ढगाखाली तीन थेंब.

"नाशिकला पाऊस म्हणजे इथं पण येईल," काशिनाथराव म्हणाले.

"नाशिकचा पानी माज्या खाचरात कसा पडंल?" मामांनी विचारलं. खाचर म्हणजे भाताच्या शेताचा बांध घातलेला तुकडा, आणि मामांची अशी सात खाचरं होती.

"हेच मी म्हणतो," मी पुढे झालो. "मामा, ज्याच्या यादीत आपलं गाव नाही त्याने आपल्या आभाळाबद्दल बोलू नये. सरळ भूगोल आहे."

मामांनी गुडघा चोळला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, तुमी थोरले जावई. सांगा. कापूं?"

माझ्या आयुष्यात इतक्या विश्वासाने मला कुणी काही विचारलं नव्हतं. मुख्याध्यापक तर खडूसुद्धा न विचारता घेतात.

"कापा मामा. डोळे मिटून कापा."

मामा जामसरला गेले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की विळे लागले. मी रात्रीच्या जेवणाला दोन घास जास्त जेवलो आणि तक्त्याची बेरीज केली. माझ्या छत्रीला शंभरपैकी एक्याण्णव, काशिनाथरावांच्या छत्रीला सदतीस. शेरा लिहिला: 'प्रयत्न हवेत'.

तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. दुपारी मी टीव्हीसमोर बसून जावऱ्याचं निरभ्र आकाश बघत होतो, तेवढ्यात सुमन मागच्या दाराने धावत आत आली. तिच्या हातात दोरीवरचे कपडे होते.

"अहो, पाऊस आला."

"शक्य नाही. थांब, बघतो," मी म्हणालो आणि खिडकीकडे न जाता पान पुन्हा उघडलं. "हे बघ. निरभ्र. चौतीस अंश."

पत्र्यावर ताशा वाजायला लागला होता. सुमन पुढे झाली. तिने माझ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि मी शून्य गुण दिलेलं ते निळं बटण दाबलं. पडद्यावर अधिक माहिती आली: 'जावरा, मध्य प्रदेश'.

दोघंही क्षणभर ते वाचत राहिलो.

"तुम्ही भूगोल शिकवता ना?" सुमनने अगदी हळू विचारलं.

उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली नाही, कारण तेवढ्यात पावसाने छत्री बंद पाडली आणि पडद्यावर 'सिग्नल उपलब्ध नाही' आलं. हवामान सांगणारं यंत्र हवामान बिघडलं की बंद पडतं, हा मुद्दा माझ्या तक्त्यातून सुटला होता. तेवढ्यात काशिनाथरावांचा फोन आला. त्यांचीही बंद पडली होती. निदान एका विषयात आम्हाला समान गुण मिळाले.

मग मात्र मला धडकी भरली. डोळ्यांसमोर सात खाचरांत आडवं पडलेलं भात आणि त्यावर कोसळणारं पाणी. एका घराचं वर्षभराचं जेवण मी रतलामच्या बाजूच्या उन्हात वाळत घातलं होतं. खरं सांगतो, रडू येत होतं. पाऊस ओसरल्याबरोबर आम्ही जीप पकडली. सुमन शेजारी बसली. वाटेत मी मनातल्या मनात माफीची चार वाक्यं तयार केली आणि चारही खोडली.

मामा बांधावर घोंगडी घेऊन बसले होते. मी खाली मान घालून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"मामा, माझी चूक झाली. ते जव्हार नव्हतंच."

"मंग काय व्हता?"

"मध्य प्रदेश."

"लांब हाय?"

"लांब आहे."

मामांनी मान डोलावली. "वर बघा," म्हणाले.

मी मान वर केली. सात खाचरांपैकी सहांत भात उभं होतं. थोडं वाकलं होतं, पावसाने निथळत होतं, पण उभं होतं. फक्त अगदी पुढचं, सगळ्यात लहान खाचर कापलेलं होतं आणि त्यातलं भात चिखलात लोळत होतं.

"तुम्ही... कापलं नाहीत?"

"कापला की. तो काय कापलाय. थोरल्या जावयानं सांगितला, मान राखाय नको? मानापुरता कापला."

"आणि बाकीचं?"

मामांनी गुडघ्यावर थाप मारली. "जव्हारात जीपंतून उतरलो तवाच ह्यो बोलत व्हता. मोखाड्यात तर लईच. याला लाल बटन नाय, हिरवा बटन नाय. आपला आपुन लागतो. पान्यात बंद पन पडत नाय." मग जरा थांबून म्हणाले, "पान्यात बंद पडते ती कसली हो छत्री, मास्तर?"

"मग परीक्षेला कशाला आलात?"

"लेकींची घरा बघाय. आनि तुजा टीवी 'बाहेर पडा' म्हनला ना, तवा तुजा तोंड बघाय." आयुष्यात पहिल्यांदा मामांनी मला 'तू' म्हटलं आणि मिशीखालचं ते हसू मला उघड दिसलं. सुमन तर बांधावर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. मला इतकं हायसं वाटलं की मीही हसलो, मात्र थोडा उशिराच.

भिजलेल्या त्या एका खाचराचं भात सुकवून, झोडून, कांडून शेवटी तांदूळ निघाला. लालसर, तुटका, ओल्या गोणपाटासारखा वास असलेला. सहा खाचरांच्या पांढऱ्याशुभ्र तांदळाचं पोतं मोखाड्याला गेलं. आमच्याकडे वेगळं पोतं आलं, वर मामांनी खडूने लिहिलं होतं, 'मानाचा'.

त्या दिवाळीला काशिनाथराव आमच्याकडे जेवायला आले. पहिला घास तोंडाशी नेला आणि मध्येच थांबून त्यांनी नाकाने हवा ओढली.

"ताई, हा तांदूळ कुठला?"

"मध्य प्रदेशचा," सुमन म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुम्हाला अधिक वाढू?"

मी ताट पुढे केलं. पोतं संपायला अजून आठ महिने होते, आणि मान एकट्यानेच खायचा असतो.