मढच्या किनाऱ्यावरचा फोटो

काल सुनेने मिरच्यांवर व्हिनेगर ओतलं आणि तो आंबूस वास नाकात शिरताच मी विद्यापीठातल्या डार्करूममध्ये जाऊन पोहोचले.

ऐंशीच्या दशकात मी चारकोपहून पत्रकारितेच्या वर्गाला जायचे. फोटोग्राफीच्या तासासाठी फोटो काढायला मढला गेले, तर तिथली एक होडी समुद्रावरून परतली नव्हती. एक कोळीण ओल्या वाळूत बसून नवऱ्यासाठी रडत होती. मी अगदी जवळ गेले, गुडघे टेकले आणि तिचा फोटो काढला.

डार्करूमच्या लाल दिव्याखाली, फोटो धुवायच्या रसायनांच्या त्याच आंबूस वासात, ट्रेमधल्या द्रावणात तिचा चेहरा हळूहळू उमटला. आधी डोळे, मग उघडं तोंड. "झकास!" सर म्हणाले. "वर्गातला सगळ्यात चांगला फोटो." मी हरखून गेले.

त्या फोटोची एक प्रत घेऊन मी पुन्हा मढला गेले. होडी सुखरूप परतली होती. नवरा अंगणात जाळं सांधत होता. हिराबाईने, म्हणजे त्या कोळणीने, फोटो बराच वेळ न्याहाळला.

"तू व्हतीस तिथं? एवढी जवळ?"

"हो ना, मावशी."

"मना वाटलं, मी एकलीच हाय गो, बाय."

ती रागावली नाही. उलट निघताना तिने मला कागदात सुकट बांधून दिली. तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आज वाटतं, कॅमेरा गळ्यात तसाच लटकत ठेवून एक हात तिच्या पाठीवर ठेवता आला असता.